मुलांना हवामान बदल शिकवायचा कसा? कोल्हापूरच्या पालक-शिक्षकांनी बोला

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहायला बसले. घरात दोन मुलं आहेत, माझी लेक तिसरीत आणि दिरांचा मुलगा नववीत. शाळेत पर्यावरण दिनाला चित्रकला स्पर्धा झाली. दरवर्षीचंच चित्र, पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर, शेजारी वितळणाऱ्या बर्फावर पांढरं अस्वल. लेकीनं छान काढलं, बक्षीसही मिळालं, आणि रात्री झोपताना विचारते, "आई, ते बर्फ वितळलं की ते पाणी आपल्या रंकाळ्यात येणार का?" नववीतला लगेच म्हणतो, "पूर तर आजोबांच्या वेळेलाही यायचा की, मग आता नवीन काय सांगतायत?"

मला दोघांनाही धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा. २०२१ ला शाहूपुरीत माझ्या माहेरी पाणी शिरलं होतं, लेक तेव्हा लहान होती, पण घरात ते इतक्या वेळा बोललं गेलंय की आता जुलैत दोन दिवस पाऊस लागून राहिला की ती सकाळी उठल्या उठल्या "पाणी किती फुटावर?" विचारते. पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरातल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ असतं. आता हिला हवामान बदल सांगायचा म्हणजे भीतीत भर घालायची का? आणि नाही सांगितलं तर खोटं बोलल्यासारखं होत नाही का? कोणत्या वयाला किती आणि कसं सांगायचं, ज्यांनी मुलांबरोबर काही केलंय त्यांनी लिहा प्लीज.

जुना_भूगोल

ताई, प्रश्न फार चांगला काढलात. मी भूगोल शिकवून निवृत्त झालोय, थोडं सविस्तर लिहितो.

पांढरं अस्वल राहू दे बाजूला. आपल्या पोरांना शिकवायला पंचगंगा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या, ही नावं परिसर अभ्यासाच्या वयातच मुलांना येतात. पुढची पायरी कोणी घेत नाही. पावसाळ्यात पेपरात रोज तालुकावार पाऊस येतो, तो तक्ता कापून वहीत चिकटवायला सांगा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला पाच-सहाशे, एकाच जिल्ह्यात! आणि तरी पुरात जास्त दिवस पाण्याखाली कोण असतं तर शिरोळ. हे मुलांसमोर नुसतं ठेवायचं आणि गप्प बसायचं. सहावी-सातवीची पोरं स्वतःच विचारतात की सर, पाऊस तिकडं आणि पूर इकडं असं कसं? इथून नकाशा उघडायचा, घाट, धरणं, उतार, नृसिंहवाडीला कृष्णेत मिळणारी पंचगंगा, सगळं त्या एका प्रश्नाच्या मागं येतं.

दुसरं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. सगळ्यांच्या मोबाईलवर ती येतच असते, ती आलेख कागदावर रोज एका ठिपक्यानं मांडायची. आडवी ३९ ची एक रेष, ४३ ची एक रेष. मग जुन्या वर्षांचे उच्चांक त्याच कागदावर, २०१९ चा ५५ फुटांच्या वर आणि २०२१ चा ५६ च्या वर. माझा अनुभव असा की आकडा नुसता कानावर पडत राहिला की मूल घाबरतं, आणि तोच आकडा त्यानं स्वतःच्या पेन्सिलीनं मांडला की ते प्रश्न विचारायला लागतं. काल चढ किती होता, आज किती, कुठं पाऊस थांबला म्हणून रेष वाकली, असे प्रश्न. तुमच्या तिसरीतल्या लेकीलाही ठिपका मांडता येईल, बाकीचं तुम्ही करा.

आणि राधानगरीला घेऊन जा. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं धरण, सात स्वयंचलित दरवाजे, पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक अशी बातमी येते, मुलांना त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. गुणाकार पोरांना करू द्या, सेकंदाला चाळीस हजार लिटर येतं, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चार टँकर. हे गणित स्वतः केलेलं पोरगं नंतर "दोन दरवाजे उघडले" ही बातमी वेगळ्या कानानं ऐकतं.

मळीचा_ऊस

मी शिरोळ तालुक्यातला, शेती करतोय. सरांनी लिवलंय ते अगदी बरोबर. आमच्याकडं पाऊस नसतो, ऊन पडलेलं असतंय, आणि पाणी चढत असतंय. पाव्हण्यांना सांगून पटत नाही.

ताईंच्या पुतण्याचं म्हणणंबी खोटं नाही. पूर आमच्या आज्याच्या काळात यायचाच. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की लोक मुद्दाम स्नानाला जायचे, अजून जातात. नदीकाठच्या मळीच्या जमिनीला गाळ मिळायचा, पूर म्हणजे वाईटच असं कुणी म्हणत नव्हतं. खरं २००५, २०१९, २०२१ हे जे बघितलं ते वेगळं. २०१९ ला जनावरं सोडून छावणीत गेलेली पोरं आज कॉलेजात हायत. त्यांना पूर काय असतो हे शिकवायला कुणी येऊ नये. त्यांचा प्रश्न एकच असतो, चूक कुणाची? कोण म्हणतंय कर्नाटकातलं अलमट्टी धरण, कोण म्हणतंय धरणाचं पाणी उशिरा सोडलं, कोण म्हणतंय रस्त्याचा भराव. आणि आता शाळेतनं आलेलं पोरगं म्हणतंय हवामान बदल. मग आम्ही बाप लोकांनी काय म्हणायचं? मला भीती ही वाटते की सगळं हवामान बदलावर ढकललं तर नदीत भराव टाकणारे सुटतील.

पर्जन्यमापक

मळीचा_ऊस दादा, तुमची भीती रास्त आहे आणि ती मोठ्या मुलांसमोर तशीच ठेवली पाहिजे. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्या अंगानं लिहितो.

विज्ञान ठामपणे सांगतं ते एवढं. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला. कारखाने यायच्या आधी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे. हा वायू जमिनीकडून अवकाशात निघालेली उष्णता अडवतो. लहानांना मी वाकळ सांगतो, वाकळ स्वतः गरम नसते, आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि आपण वाकळेवर वाकळ घालत चाललोय. ही कल्पना आजची नाही, १८५६ मध्ये युनिस फूट या बाईंनी हा वायू उन्हात जास्त तापतो हे प्रयोग करून दाखवलं होतं आणि १८५९ च्या सुमाराला जॉन टिंडल यांनी तो उष्णतेचे किरण अडवतो हे दाखवलं. पोरींना फूटबाईंचं नाव आवर्जून सांगा.

आता कोल्हापूरशी संबंध. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीला धडकतो. समुद्र तापलाय. पुण्याच्या आयआयटीएममधले (उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था) शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. म्हणजे वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहून, किंवा कमी होऊनसुद्धा, थोड्या दिवसांत धो धो पडायचं प्रमाण वाढू शकतं. पुतण्याला उत्तर हे: पूर नवीन नाही, आभाळातून एका दमात पडणारं पाणी वाढायला लागलंय, आणि त्याच वेळी नदीला पसरायला असलेली जागा आपण कमी केली. दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं झाकायचं नाही.

लेकीला उत्तर द्यायला घरातला बर्फ पुरतो. दोन सारखे ग्लास घ्या. एकात पाणी आणि त्यात तरंगणारे बर्फाचे खडे. दुसऱ्यात पाण्याच्या वर येईल असा एक दगड आणि खडे त्या दगडावर. दोन्हीकडं पाण्याच्या पातळीला पेनानं खूण करा, बर्फ वितळू द्या. तरंगणाऱ्यात पातळी जवळजवळ हलत नाही, दगडावरच्यात वाढते. म्हणून जमिनीवरचा बर्फ, ग्रीनलँडचा, अंटार्क्टिकाचा, हा समुद्राची पातळी वाढवतो. आणि तिला स्पष्ट सांगा की कोल्हापूर समुद्रापेक्षा साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, ते पाणी रंकाळ्यात येणार नाही. मुलाची जी भीती निराधार आहे ती तिथल्या तिथं काढून टाकावी, त्यानं बाकीच्या गोष्टींवर त्याचा विश्वास बसतो.

एक प्रयोग मात्र करू नका. दोन बाटल्या, एकीत व्हिनेगर आणि खायच्या सोड्याचा वायू, वर बल्ब, आणि थर्मामीटर. विज्ञान प्रदर्शनात हा हमखास असतो. त्यात दिसणारा तापमानाचा फरक मुख्यतः तो वायू जड असल्यानं हवा कमी खेळती राहते म्हणून येतो, उष्णतेचे किरण अडवल्यानं नाही. मुलांना खरी गोष्ट चुकीच्या पुराव्यानं पटवली आणि पुढं कॉलेजात ते उघडं पडलं की मूळ गोष्टीवरचाही विश्वास उडतो.

बिंदूचौक

सगळं ठीक आहे, पण एवढ्या लहान वयात पोरांच्या डोक्याला हा ताण कशाला? आमच्या लहानपणी आम्ही नदीत पोहलो, आंबे पाडले, कोणी कार्बन शिकवला नाही, तरी झाडाची फांदी उगाच तोडली नाही. दहावीनंतर शिकू द्या की. मोठ्यांनी घाण केली आणि पोरांना सांगायचं पृथ्वी तुम्ही वाचवा, हे मला पटत नाही.

मनातलं

बिंदूचौक दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी माझ्या प्रत्येक पालकसभेत सांगते. मी शाळांमध्ये समुपदेशन करते.

पण "नंतर शिकू दे" हे आता हातात राहिलेलं नाही, त्यांच्या कानावर पडतंच. २०२१ मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमध्ये एक मोठी पाहणी आली होती, भारतासह दहा देशांतली १६ ते २५ वयाची दहा हजार मुलं. ५९ टक्के म्हणाली की हवामान बदलाची फार किंवा प्रचंड काळजी वाटते. सरकारं पुरेसं करत नाहीत, आपल्याला फसवलं जातंय, या भावनेशी त्या काळजीचा संबंध दिसला. म्हणजे नुसती माहिती लपवून काळजी कमी होणार नाही, मोठी माणसं खरं बोलतायत आणि काहीतरी करतायत हे दिसलं तर होईल.

वयाचं विचाराल तर मी असं सांगते. सात-आठ वर्षांपर्यंत संकट सांगूच नका, जमलं तर कळंबा तलावावर पक्षी दाखवा, ओढ्यातले खेकडे दाखवा, बी लावा. जिथं पूर येतो तिथल्या मुलाला मात्र आपली तयारी सांगायची, कारण पूर त्यानं बघितलाय. कागदपत्रांची पिशवी कुठं आहे, पाणी वाढलं तर आपण कुणाकडं जायचं, कुत्र्या-मांजराचं काय करायचं. रंकाळाकाठ ताई, तुमच्या लेकीला "काही होत नाही गं, झोप" म्हणू नका. "आजीच्या घरात पाणी आलं तर आजी दोन दिवस आधीच आपल्याकडं येणार, तिची औषधं आपण आणून ठेवलीत" असं म्हणा. पिशवी तिला भरू द्या. एका शाळेत मी चौथीच्या वर्गाला ही यादी करायला दिली होती, एका मुलीनं पहिल्या नंबरला लिहिलं होतं आजोबांचा चष्मा. त्या यादीत मोठ्यांनी सुचवलेलं काही नव्हतं, आणि ती वाचून त्या घरच्यांनी खरंच जादा चष्मा करून ठेवला.

नऊ-दहाच्या पुढं मोजमाप, जुना_भूगोल सरांनी सांगितलं तसं. आणि तेरा-चौदानंतर कारणं, पैसा, राजकारण सगळं. तिथं गोड बोलून भागत नाही, ती मुलं लगेच ओळखतात.

अकरावी_सायन्स

मी विद्यार्थिनी आहे, बोललं तर चालेल ना? आम्हाला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे. माझ्या ओळखीतले बरेच जण प्रोजेक्ट एकमेकांचं बघून लिहितात, कारण त्यात आमचं गाव कुठंच नसतं. आम्हाला प्रत्येक वेळी सांगतात प्लास्टिक वापरू नका, झाडं लावा, नळ बंद करा. करतो की आम्ही. पण प्लास्टिक आणि तापमान वाढ हे एकच आहे असं अर्ध्या वर्गाला वाटतं, आणि उरलेल्या अर्ध्या वर्गाला वाटतं ओझोनला भोक पडलं म्हणून उकडतंय. कोणी उलगडून सांगत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत जे मी वर्गात विचारले आणि उत्तर मिळालं नाही. एक, आमच्या गावात गुऱ्हाळ आहे, चुलवाणात चिपाड जळतं, धूर निघतो, मग तो धूर आणि वीज केंद्रातल्या कोळशाचा धूर सारखाच का? दोन, म्हशींमुळं तापमान वाढतं असं इंस्टावर बघितलं, माझ्या घरी चार म्हशी आहेत, आम्ही त्या विकायच्या का?

पर्जन्यमापक

बेटा, असे प्रश्न वर्गात आले तर शिक्षकांनी पुस्तक मिटून तासभर त्यावरच बोलावं.

चिपाडातला कार्बन उसानं गेल्या वर्ष-दीड वर्षात हवेतूनच घेतलेला होता, जाळल्यावर परत हवेत गेला. पुन्हा ऊस लावला की परत घेतला जाईल. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, तो वर काढून आपण हवेत नवी भर घालतो. म्हणून तापमानाच्या हिशेबात दोन्ही धूर सारखे नाहीत. पण काजळी फुप्फुसाला वाईटच, चुलवाणावर बसणाऱ्या माणसाला विचार. आणि उसाच्या खात्यावर वेगळं काही मांडावं लागतं. युरिया जास्त पडला की त्यातल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. शिवाय मोटारपंपाची वीज.

म्हशी विकू नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो आणि मुख्यतः ढेकरातून बाहेर पडतो, हे खरं आहे. मिथेन जोरात तापवतो पण हवेत साधारण बारा वर्षंच टिकतो. चार म्हशींवर घर चालवणाऱ्या कुटुंबानं काय करायचं, तर चांगला चारा, जनावराची तब्येत, शेणाचा गोबरगॅस. त्यानं स्वयंपाकाचा सिलिंडर वाचतो. आणि तुझ्या वर्गासाठी आकडे लिहून ठेव, भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ च्या आसपास. देश म्हणून एकूण बेरीज केली तर मात्र भारत जगात तिसरा. दोन्ही आकडे एकाच फळ्यावर लिहून वर्गाला भांडू द्यावं.

ओझोनचं भोक हा वेगळा विषय, ते मुख्यतः फ्रिज आणि स्प्रेमधल्या वायूंमुळं पडलं, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते वायू आटोक्यात आले आणि थर हळूहळू सावरतोय. जगानं एकत्र येऊन एक गोष्ट दुरुस्त केली, हे मुलांना जरूर सांगावं.

मळीचा_ऊस

पाचटाचंबी, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचं, लिवा की सर कुणीतरी. तोडणी झाली की रात्री फड पेटवतात, पोरं बघत असतात. आम्ही चार वर्षं झाली पाचट सरीत कुट्टी करून ठेवतोय, एक-दोन पाणी वाचतंय आणि जमीन भुसभुशीत राहत्या. माझ्या पोरानं शाळेत प्रोजेक्ट म्हणून दोन सऱ्या घेतल्या, एक पाचटाची, एक जाळलेली. दोन्हीत दुपारी थर्मामीटर खुपसून वहीत लिवायचा. पाचटाखालची माती थंड. गावातली दोन-तीन माणसं ती वही बघून गेली. मी सांगून कुणी ऐकलं नव्हतं.

बिंदूचौक

हे आवडलं. असं असेल तर माझा विरोध नाही. मला ते घोषणांच्या फेऱ्या आणि कोवळ्या पोरांच्या हातात फलक, ते नको वाटतं.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बर्फाचा प्रयोग काल केला. रंकाळ्यात पाणी येणार नाही हे ऐकून लेक खूश, पण लगेच पुढचा प्रश्न, "मग मुंबईच्या मावशीचं काय?" त्यावर आम्ही दोघी नकाशा घेऊन बसलो.

नववीतल्याला इथले प्रतिसाद वाचायला दिले. त्यानं २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीबद्दल शोधून वाचलं आणि आता तो आम्हाला जेवताना विचारतोय की नदीच्या पात्रात आणि पूररेषेत घरं बांधायला परवानगी देतं कोण? त्याच्या बाबांकडं उत्तर नाही. पर्जन्यमापक सर, तुम्ही बाटलीचं पर्जन्यमापक कसं करता तेही सांगा, गच्चीवर ठेवायचं म्हणतोय.

पर्जन्यमापक

दोन लिटरची सरळ भिंतीची कोल्ड्रिंकची बाटली घ्या. वरचा नरसाळ्यासारखा भाग कापून उलटा बसवा. बुडाला खळगे असतात म्हणून तिथं खडे घालून सरळ भागापर्यंत पाणी भरा, ती शून्याची खूण. बाहेरून पट्टी चिकटवा. झाड, टाकी, भिंत यांच्यापासून लांब ठेवा, आणि रोज सकाळी साडेआठलाच वाचा, हवामान खातंही दिवसाचा पाऊस त्याच वेळेला मोजतं, म्हणजे पेपरातल्या आकड्याशी ताडता येईल. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पडला की दहा हजार लिटर, सरांचा तो टँकर तुमच्याच गच्चीवर रिकामा झाला. हाच हिशेब एका चौरस किलोमीटरला करायला लावा, दहा कोटी लिटर येतील. मग कासारी-कुंभीचं सगळं खोरं.

नगररचना_वाली

पूररेषेबद्दल मी सांगते, मी सिव्हिल इंजिनिअर आहे. आपल्याकडं दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आतल्या पट्ट्यात बांधकाम नको. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळते. रेषा पाटबंधारे खातं आखतं, बांधकामाची परवानगी महापालिका देते. आता नववीतल्याला पुढचा प्रश्न घाला: २५ वर्षांचा पूर हा हिशेब जुन्या पावसावरून केलेला असतो, पाऊस पडायची रीतच बदलली तर ती रेषा तिथंच राहील का? इंजिनिअरांनाही आज हाच प्रश्न पडलाय.

महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखड्याचा नकाशा बघायला मागता येतो. त्याला सोबत घेऊन जा, बोलणं त्यालाच करू द्या. आधी घराचा आणि आजीच्या घराचा सिटी सर्व्हे नंबर लिहून न्या, नाहीतर नकाशात शोधण्यातच दुपार जाते.